येऊन राहिले

नागपूरला स्टेशनजवळ हॉटेलात उतरायचं असेल तर आधी एक ध्यानात घ्या, या स्टेशनला दोन तोंडं आहेत. एक मुख्य दरवाजा आणि दुसरा संत्रा मार्केटच्या अंगाचा. फोनवर खोली ठरवताना सगळेच "स्टेशनसमोर आहे" म्हणून सांगतात आणि कुणी खोटं बोलत नाही. समोर म्हणजे कुठल्या दरवाजासमोर, तेवढं मात्र सांगत नाहीत. चुकीच्या बाजूला उतरलात तर बॅग घेऊन अख्खा पूल ओलांडावा लागतो, आणि एप्रिलच्या उन्हात तो संपता संपत नाही.

दुसरं, रस्त्याच्या अंगाची खोली घेऊ नका. गाड्यांच्या घोषणा थेट उशाशी येतात. मी घेते, पण माझं उदाहरण धरू नका.

तिसरं, रजिस्टरात नाव लिहिण्याआधी खोली बघून या. नळ सोडून बघा, आतली कडी लागते का बघा, गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं ते विचारा. उन्हाळा असेल तर कूलर लावून पाच मिनिटं त्याच्यासमोर बसा. माझ्या खोलीतल्या कूलरमध्ये कुणीतरी हलक्या आवाजात बोलत असल्यासारखं वाटतं. शब्द कळत नाहीत, पण बोलणं पुरुषाचं आहे एवढं कळतं. पंप जुना झाला की असं होतं, असं मॅनेजर म्हणतो. त्यानं दोनदा पंप बदलायला काढला आणि दोन्ही वेळा मीच नको म्हटलं.

हे मी इतक्या अधिकारानं सांगते, कारण गेली चार वर्षं दर एप्रिलमध्ये मी त्याच लॉजमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच खोलीत दोन दिवस राहते. मी पुण्याची. मुद्रितशोधनाचं काम करते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करते. नागपुरात मला कसलंही काम नसतं. तिथून तासा-दीड तासावर खाप्याला माझी वहिनी राहते. ती दर वेळी विचारते, "घर असताना लॉजवर काहून उतरता ताई?" मी गाडीच्या वेळेचं काहीतरी थातूरमातूर कारण सांगते. खरं कारण तिला सांगायची माझी छाती होत नाही.

चौथी सूचना सगळ्यात महत्त्वाची. या लॉजांमध्ये दाराशेजारी भिंतीत एक खोबण असते. किल्लीला जोडलेला प्लास्टिकचा बिल्ला त्या खोबणीत अडकवला तरच खोलीत वीज येते. किल्ली घेऊन बाहेर पडलात की मागं सगळं बंद. पंखा बंद, कूलर बंद, आणि मोबाइलचं चार्जिंगही बंद. हे मला कुणी सांगितलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आले. ते खरं नाही.

माझा एकच भाऊ. दादा. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आमचं मूळ घर साताऱ्याकडे, पण तो शिक्षकाच्या नोकरीसाठी खाप्याला गेला, तिथलीच मुलगी केली आणि तिथलाच झाला. पाच-सहा वर्षांत त्याची भाषा पार बदलली. मला "मले" म्हणू लागला, का-ला "काहून" म्हणू लागला, आणि मला, सख्ख्या बहिणीला, फोनवर "काय करून राहिली वं?" म्हणून विचारू लागला. मी चिडायचे. त्याच्या त्या "राहिलो"वर तर माझा विशेष दात होता. तिकडचा माणूस "मी येतोय" म्हणत नाही, "मी येऊन राहिलो" म्हणतो. निघालेला असतो, वाटेत असतो, अजून पोचायचा असतो, तरी येऊन राहिलेला असतो. "येऊन राहिलास तर मग दिसत का नाहीस?" असं मी त्याला विचारायचे. "आणि राहिलास तर किती दिवस? गाद्या घालू का?" तो हसायचा. दर दिवाळीला आमचा हा ठरलेला खेळ होता आणि त्यात मीच जिंकायचे, कारण व्याकरण माझ्या बाजूला होतं.

वडील गेल्यावर आई त्याच्याकडे राहिली. ती गेली ती मे महिन्यात, भर दुपारी. मला फोन आला तशी मी मिळाली ती गाडी पकडली. गाडी सहा तास उशिरा पोचली. तिथून खाप्याला पोचले तेव्हा कन्हानच्या काठावर सगळं आटोपलं होतं. दादा म्हणाला, "ऊन फार होतं वं. ठेवता येत नव्हतं." त्याचे डोळे सुजलेले होते. मी ते बघितलं आणि तरी त्याला म्हटलं, "तू थांबला नाहीस." एवढंच म्हटलं आणि परत फिरले. पुढं तीन वर्षं त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. तो फोन करायचा, मी उचलायचे नाही. मग तोही कमी करू लागला.

तीन वर्षांनी एप्रिलमध्ये वहिनीचा फोन आला. दादाच्या छातीत दुखलं होतं, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात चार दिवस ठेवून घरी सोडलं होतं. "एकदा येऊन जा ताई. ते तुमचंच नाव काढून राहिले," वहिनी म्हणाली. मी आले. पण माझा ताठा माझ्या आधी गाडीतून उतरला. त्या घराची पायरी चढणार नाही, मी स्टेशनसमोर उतरते, त्याला यायचं तर त्यानं इथं यावं, असं मी लॉजचं नाव आणि नंबर देऊन वहिनीला कळवलं. नुकत्याच दवाखान्यातून आलेल्या माणसाला मी चाळीस किलोमीटर बसनं बोलावलं, हे तेव्हा मला दिसलं नाही. उद्या सकाळी येतील, असं वहिनीनं कळवलं.

सकाळी मी सातपासून तयार होऊन बसले होते. खिडकीतून स्टेशनच्या घोषणा ऐकू येत होत्या, अमुक गाडी थोड्याच वेळात अमुक फलाटावर येत आहे. शुद्ध, स्पष्ट, "येत आहे". दहा वाजले तरी दादाचा पत्ता नव्हता. मोबाइलची बॅटरी संपत आली होती, तो चार्जिंगला लावला, किल्ली उचलली आणि खाली उतरून समोरच्या टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. परत आले तेव्हा अकरा वाजत आले होते. काउंटरवरच्या मॅनेजरनं मान वर केली.

"मॅडम, तुमचे भाऊ येऊन राहिले."

"कधी?"

"झाले दहा-पंधरा मिनिटं."

"काही म्हणाले?"

"तिचा फोन काहून बंद हाय, म्हणे. जरा रागातच वाटले मले."

दादानं बसमधून लॉजवर फोन लावला होता. निघालोय, वाटेत आहे, असा निरोप दिला होता. त्या गोष्टीला दहा-पंधरा मिनिटं झाली होती. मॅनेजरनं मला इतकंच सांगितलं, आणि त्याच्या भाषेत त्यात एका मात्रेचीही चूक नव्हती.

मी ऐकलं ते असं, की दादा आला, इथं जरा वेळ राहिला, मी दिसले नाही, फोन लागला नाही, रागावला आणि निघून गेला. दहा मिनिटं थांबला नाही. आईच्या वेळी थांबला नाही, आजही थांबला नाही.

आता इथं कुणी म्हणेल, तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला त्यांची बोली कळली नसेल. तर तसं नव्हतं. त्या "येऊन राहिले"चा अर्थ मला जितका पक्का ठाऊक होता तितका पुण्यात फारच थोड्यांना असेल. वर्षानुवर्षं मी त्यावरूनच तर त्याची टर उडवली होती. पण त्या घटकेला मला माझीच मराठी आठवली. तो थांबत नाही, हे वाक्य मी तीन वर्षं मनात घोकलं होतं, आणि त्याला पुरावा मिळाला याचा मला, खोटं कशाला बोलू, एक प्रकारचा आनंदच झाला.

वर गेले. मोबाइल बंद पडलेला, मेलेला. तो तसाच पिशवीत कोंबला. पाच मिनिटांत बॅग भरून खाली आले तेव्हा मॅनेजर कुठंतरी आत गेला होता. जिना पुसणाऱ्या बाईंच्या हातात किल्ली दिली आणि स्टेशन गाठलं. संध्याकाळच्या गाडीचं आरक्षण होतं, ते सोडून दिलं आणि दुपारच्या गाडीत टीसीची मनधरणी करून जागा मिळवली. वर्धा गेल्यावर मोबाइल चार्ज होऊन चालू झाला. दादाचे सात कॉल येऊन गेल्याचे मेसेज दिसले. सगळे मी खाली पोहे खात असतानाचे असणार, असं मी धरून चालले. वेळ बघितली नाही.

अकोल्याच्या अलीकडे फोन वाजला. दादा. मी नावाकडे बघितलं आणि कट केला.

जूनच्या सुरुवातीला दादा गेला. या वेळी मी पोचेपर्यंत त्याला ठेवलं होतं. वहिनीनंच सगळ्यांना बजावलं होतं, ताई आल्याशिवाय उचलायचं नाही. बर्फाच्या लाद्यांचं पाणी अंगणभर झालं होतं, शेजारी कुजबुजत होते, आणि तो माझ्यासाठी थांबला होता. मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. काय बोलले ते आठवत नाही. काही बोलले की नाही तेही आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "एक बरं झालं ताई, एप्रिलमध्ये तुमची भेट झाली. नाही तर त्यांचा जीव अडकला असता."

मी तिच्याकडे बघत राहिले.

"इतके खूश होते त्या दिवशी घरी आले तेव्हा. म्हणे, पोटभर बोललो. आईचा विषय निघाला, दोघं रडलो. डबा दिला तिले, पाटवड्या दिल्या. राग गेला म्हणे तिचा."

ती डोळे पुसत होती. मी तिचा हात धरला आणि "हो," म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? दादानं आपल्या बायकोपाशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलून ठेवलं होतं, आणि ते मला वाचवायला.

परतीच्या वाटेवर मी स्टेशनवर न जाता त्या लॉजमध्ये शिरले. मॅनेजर तोच होता. मी काही विचारायच्या आधीच त्यानं मला ओळखलं. खाली वाकून काउंटरच्या कप्प्यातून एक स्टीलचा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. डब्यावर आईचं नाव कोरलेलं होतं, भांडी घेताना दुकानातच कोरून घेतात तसं, ठिपक्याठिपक्यांचं. त्यातलं एक अक्षर चुकलेलं आहे. लहानपणापासून मला ती चूक दिसायची, आणि मी ती दुरुस्त करायला निघाले की आई म्हणायची, राहू दे, कळतंय ना कुणाचा ते.

"आतलं आम्ही खाल्लं, मॅडम," मॅनेजर म्हणाला. "दोन दिवस वाट पाहिली. खराब झालं असतं म्हणून खाल्लं. डबा घासून ठेवला."

मग त्यानं सांगितलं. दादा साडेबाराला आला होता. बस स्टँडवरून उन्हात पायीच. मी गेले म्हटल्यावर तो दारापासच्या खुर्चीवर बसला. तिथं रेक्झिनच्या दोन खुर्च्या आहेत, दाराकडे तोंड करून. मॅनेजरनं त्याला पाणी दिलं.

"मी म्हटलं, काका, मॅडम बॅग घेऊन गेल्या. तुम्ही घरी जा, तब्येत बरी दिसत नाही तुमची. तर म्हणे, नाही गा, येते ती. लहानपणापासून तशीच हाय. रागानं घर सोडून निघते, कोपऱ्यापर्यंत जाते अन् परत येते."

हे खरं होतं. साताऱ्याला आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी होती. मी रुसून निघायचे ते तिथपर्यंत, आणि मागं वळून बघायचे. दादा दाराच्या पायरीवर बसलेला असायचा. बोलवायचा नाही, मागं यायचा नाही. नुसता बसून राहायचा, मी परत येईपर्यंत. मी आले की सरकून जागा द्यायचा.

"चार-साडेचारला त्यांनी फोन लावला," मॅनेजर म्हणाला. "कट झाला. तर मलेच म्हणे, गाडीत असन, रेंज नसन. मी म्हटलं, मग आता जा. पण ते बसूनच राहिले. दिवे लागले तेव्हा उठले. डबा देऊन गेले. म्हणे, आली का दे."

मी त्या खुर्चीकडे बघितलं. बसूनच राहिले. माझ्या मराठीत त्याचा अर्थ, बराच वेळ बसले. त्यांच्या मराठीत त्याचा अर्थ, अजून बसले आहेत. पहिल्यांदाच मला यातलं बरोबर कोणतं ते ठरवता येईना.

तर ते खरं कारण. चूक बोलीची झाली, बिल्ल्याची झाली, हे सगळं मी सांगू शकते, आणि ऐकणारा हळहळतो. पण अकोल्याच्या अलीकडे फोन वाजला तेव्हा त्यात ना बोली होती ना बिल्ला. तो मी माझ्या हातानं कापला. तेव्हाही उतरले असते तर परतीची गाडी होती. दिवे लागेपर्यंत नसते पोचले, पण उचलला असता आणि "येतेय" म्हटलं असतं, तर तो रात्रभर बसला असता, हे मला माहीत आहे. ते माहीत असणंच मला सोसत नाही.

म्हणून एप्रिल आला की मी जाते. वहिनीला भेटते, ती "तुमची भेट झाली ते बरं झालं" म्हणते, मी "हो" म्हणते. दर वर्षी हे "हो" जड होत चाललं आहे. मग लॉजवर येऊन साडेबारा वाजता खाली उतरते आणि दोन खुर्च्यांपैकी अलीकडच्या खुर्चीवर बसते. पलीकडची त्याची. मी तिला हात लावत नाही. तिच्या रेक्झिनला बसक्या जागी खोलगट आकार आला आहे. तो शेकडो गिऱ्हाइकांचा असणार, इतकं मला कळतं. तरी मी तिकडे सारखी बघते. काही वेळा बाजूनं कुणी श्वास सोडल्यासारखं होतं, आणि मी वळत नाही. वळले तर कुणी नसेल, एवढ्याच भीतीनं.

या वर्षी रजिस्टरात नाव लिहिताना "येण्याचं कारण" या रकान्यापाशी पेन थांबलं. दर वर्षी मी तिथं "खासगी" लिहायचे. या वर्षी "भावाची भेट" लिहिलं. मॅनेजरनं ते वाचलं, रजिस्टर मिटलं आणि किल्ली माझ्यापुढं सरकवली.

साडेबाराला खाली येऊन बसले. तीनच्या सुमारास पारशिवनीकडची एक वयस्क बाई दोन पिशव्या ओढत आत आली. लेकीची गाडी उशिरा होती, स्टेशनवर बसायला जागा नव्हती, जरा टेकू का, असं तिनं काउंटरवर विचारलं. मॅनेजरनं खुर्च्यांकडे हात केला आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं माझ्याकडे बघितलं.

बाई माझ्यापाशी आली. पलीकडच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "इथं कोणी बसून राहिलं का वं?"

तीस वर्षं असली वाक्यं मी लाल पेनानं खोडली आहेत.

"हो," मी म्हटलं. "माझा भाऊ येऊन राहिला."

"येऊन राहिला ना? मंग राहू द्या," ती म्हणाली, आणि आपल्याच पिशवीवर टेकली.